पहिलं रॉकेट कोणतं घ्यावं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. दिवेलागण होऊन गेल्यावर विदर्भाच्या आभाळातून जळते ठिपके रांगेनं सरकत गेले आणि गावोगावची माणसं अंगणात, गच्चीवर येऊन बघत राहिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास साधारण तीन मीटर. चांग झेंग ३बी या चिनी रॉकेटच्या एका टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. शेजारच्या जिल्ह्यात खऱ्या रॉकेटचा तुकडा पडतो, त्याचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरतात, तेव्हा वर्ध्यातली, हिंगणघाटातली, आर्वीतली पोरं विचारणारच की आपल्याला रॉकेट उडवता येईल का.

येतं, आणि चांगलं उडवता येतं. पण आईबाप शोध सुरू करतात तो ऑनलाइन दुकानात. ‘मॉडेल रॉकेट किट’ असं टाकलं की समोर येणाऱ्या खोक्यांवर ज्वाळा सोडत निघालेलं रॉकेट असतं. खोकं घरी येतं. आत पुठ्ठ्याची नळी, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे पंख, प्लास्टिकचं टोक, एक रबरी पट्टी आणि छोटं पॅराशूट निघतं. ज्वाळा जिच्यातून यायच्या ती मोटर मात्र नसते. ‘मोटर आणि लॉन्चर वेगळे घ्यावेत’ ही ओळ खोक्यावर बारीक अक्षरात असते, आणि ती वाचली जाते ती मूल रडवेलं झाल्यावर.

ही मोटर नेमकी काय असते ते आधी बघू, म्हणजे ती खोक्यात का नसते हेही कळेल. १९५४ साली अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक या छोट्या गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा चपलाबुटांचा दुकानदार राहत होता. शोभेच्या दारूचा त्याला नाद. त्याचा भाऊ रॉबर्ट विमानांची मॉडेलं करायचा आणि त्यावर व्याख्यानं द्यायचा. त्या व्याख्यानांत दाखवायला म्हणून ऑर्व्हिलनं कागदी नळीचं एक रॉकेट केलं. त्याची काळ्या दारूची मोटर काडतुसासारखी बदलता यायची, आणि वर गेल्यावर पॅराशूट उघडून रॉकेट परत हाती यायचं. १९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतली शेकडो मुलं तळघरात, गॅरेजमध्ये लोखंडी नळ्यांत रसायनं ठासून रॉकेटं करू लागली. कुणाची बोटं गेली, कुणाचे डोळे. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइननं कार्लाइलचं रॉकेट पाहिलं होतं आणि यावरचा उपाय त्याला त्यातच दिसला: दारू मुलांनी ठासायची नाही, ती कारखान्यातून बंद काडतुसात यावी. लवकरच व्हर्न एस्टेस या तरुणानं अशा मोटरी झपाट्यानं तयार करणारं यंत्र उभं केलं, आणि या छंदाचा पाया पक्का झाला.

अशी मोटर करंगळीहून जराशी जाड असते. नेहमीच्या आकाराची घेतली तर १८ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर लांबी. तिच्यावर ‘सी६-५’ असं काहीतरी छापलेलं असतं. ‘सी’ म्हणजे मोटर एकूण किती रेटा देणार त्याची प्रत. ‘ए’च्या दुप्पट ‘बी’, ‘बी’च्या दुप्पट ‘सी’. ६ म्हणजे सरासरी जोर ६ न्यूटन. आणि ५ हा दारू जळून संपल्यापासून पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार उडेपर्यंतचा अवकाश, सेकंदांत. त्या पाच सेकंदांत रॉकेट नुसतं वर तरंगत जातं, त्याचा वेग मरतो, आणि ते माथ्यावर पोचता पोचता छत्री उघडते. कागदाच्या नळीत एवढं वेळापत्रक बसवलंय, ही खरोखर सुंदर कारागिरी आहे.

पण आपल्याकडे ती स्फोटक आहे. काळी दारू बनवणं, बाळगणं, विकणं, आयात करणं हे सगळं १८८४ चा स्फोटक कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम यांत येतं. टपालानं ती पाठवता येत नाही, विमानातल्या सामानात नेता येत नाही. अमेरिकेतला मामा बॅगेत घालून आणेल, हाही मार्ग बंद. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं, मुख्यालय नागपूरला आहे, वर्ध्यापासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर. आणि दारूगोळा म्हणजे काय हे वर्धा जिल्ह्याला कायद्याच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ ला लागलेल्या आगीत पंधराहून अधिक माणसं गेली. त्यात आग विझवायला धावलेले जवान होते.

मोटर मिळत नाही म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात पुढचा विचार येतो तो दिवाळीच्या रॉकेटचा. ते आणायचं, काडी काढायची आणि खोक्यातल्या पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचं. हे कृपा करून करू नका. दिवाळीच्या रॉकेटला सरळ ठेवते ती त्याची लांब काडी, आणि त्याचा शेवट ठरलेला असतो तो फुटण्यात. काडी गेली की ते कुठं तोंड करील याचा नेम नाही, आणि फुटतं तेव्हा पुठ्ठ्याच्या नळीची, प्लास्टिकच्या टोकाची शकलं उडतात. काड्यापेटीतल्या गुलाची, साखरेच्या इंधनाची रॉकेटं करून दाखवणारे व्हिडिओ मुलं बघतात. त्यांनाही हेच उत्तर. शिवाय आपल्याकडचा हंगाम लक्षात घ्या. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालेलं असतं, कुटाराचे ढीग लागलेले असतात, कपाशी बोंडाबोंडांनी फुटलेली असते आणि वेचलेला कापूस अनेक घरांत ओसरीपासून माजघरापर्यंत भरलेला असतो. त्यात एक ठिणगी पडली तर काय होतं, हे खेड्यात कुणालाही विचारा.

म्हणून वर्ध्यातल्या मुलाचं पहिलं रॉकेट पाण्याचं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मोटर मिळत नाही म्हणून काढलेली ही पळवाट नव्हे. मोटर दुकानात मांडून ठेवली असती तरी मी हेच सांगितलं असतं. काळ्या दारूची मोटर एकदा जळते आणि संपते. तिच्या आत काय चाललंय ते मुलाला दिसत नाही, त्यात काही बदलता येत नाही. पाण्याचं रॉकेट एका सकाळी वीस वेळा उडतं. पाणी कमी करून बघ, हवा वाढवून बघ, पंख तिरपा लाव, टोक जड कर, प्रत्येक वेळी काय फरक पडला ते डोळ्यांसमोर. ४ ते १० ऑक्टोबर हा जागतिक अंतराळ सप्ताह असतो. त्यात इस्रोच्या केंद्रांकडून शाळकरी मुलांच्या ज्या स्पर्धा होतात त्यांत पाण्याची रॉकेटं असतात, ती याचमुळे.

या विचाराला वर्ध्याची माती परकी नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद बोलावली आणि तिथून नई तालीम उभी राहिली. झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला, आर्यनायकम् दांपत्यानं सेवाग्रामात ती प्रत्यक्ष चालवली. मुलानं हातानं काम करावं आणि त्या कामातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकावी, हा तिचा गाभा. पुढं अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची खेळणी करत हीच वाट मुलांसाठी रुंद केली. ज्या रॉकेटची बाटली भंगारातून येते आणि पंख निवडणूक संपल्यावर उरलेल्या सनपॅकच्या फलकातून कापले जातात, ते या परंपरेत अगदी सहज बसतं.

पाण्याचं रॉकेट चालतं ते असं. दोन लिटरच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी भरायचं, बाटली उलटी करून लॉन्चरवर बसवायची, पंपानं आत हवा भरायची. दाबलेली हवा जागा शोधत असते. तोंड मोकळं झालं की ती पाण्याला खाली फेकते आणि तेवढ्याच जोरानं बाटली वर फेकली जाते. नुसती हवा भरली तरी बाटली उडते, पण फार नाही, कारण हवेला वजन कमी. वजनदार काहीतरी वेगानं मागं फेकलं तर पुढचा धक्का मोठा बसतो. आता फक्त पाणीच भरलं तर? मग ते फेकायला जोर लावणारी हवाच उरली नाही. दोन्हींचा मेळ कुठं बसतो ते मुलाला शोधू द्या. ‘तिसरा हिस्सा’ हे उत्तर मी इथं सांगितलं ते तुमच्यासाठी, त्याच्यासाठी नाही. त्यानं पाव, निम्मं, पाऊण असं सगळं उडवून वहीत मांडलं की उत्तर आपोआप पुढ्यात येईल.

या खेळण्याच्या ताकदीचा अंदाज मात्र मोठ्या माणसाला आधीच हवा. पंपाच्या गेजवर ५० पीएसआय दिसत असताना बाटलीचं तोंड मोकळं झालं, तर पहिल्या क्षणी वर जाणारा रेटा जवळजवळ २५ किलो वजनाएवढा असतो. पाण्यासह रॉकेटचं वजन भरतं पाऊण किलो. पाणी सेकंदाच्या साधारण दहाव्या हिस्स्यात बाहेर पडून जातं आणि बाटली आठ-दहा मजली इमारतीच्या उंचीला पोचते. म्हणजे दाब भरलेल्या बाटलीवर वाकून बघणं हा या खेळातला सर्वांत मोठा धोका आहे. पैसे कुठं घालायचे हेही यावरूनच ठरतं. बाटली फुकट मिळते, पंख घरी होतात. विकत घ्यायचा तो लॉन्चर, आणि नीट पारखून.

किट घेताना आधी हवेची नळी बघा. ती निदान चार-पाच मीटर लांब हवी, म्हणजे पंप मारणारा माणूस रॉकेटपासून दूर राहतो. मग सोडण्याची कळ. ती दोरी ओढून सुटणारी असावी. बूच कधी निसटेल याचा भरवसा नाही, अशा नुसत्या रबरी बुचावरचं स्वस्त किट घेऊ नका, कारण रॉकेट कधी सुटणार हे मुलानं ठरवायला हवं, बुचानं नव्हे. दाब दाखवणारं गेज हवंच. पंपावर असलं तरी चालेल. भरलेली हवा रॉकेट न उडवता सोडून देण्याची सोयही हवी. कुणी मध्येच मैदानात शिरलं तर ती लागते. आणि लॉन्चर जमिनीत ठोकता येईल असे खुंटे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोणी होते, दोन्ही वेळा आखूड खिळा उपटून येतो. वीतभर लांबीचे खुंटे असतील तर लॉन्चर हलत नाही.

एक गोष्ट किटच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. आपल्या साध्या सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह वेगळा आणि मोटरसायकलच्या ट्यूबचा वेगळा. बाहेरून आलेल्या बहुतेक किटना मोटरसायकलच्या जातीचा वॉल्व्ह असतो. घरातला पंप त्यावर बसतो का, हे पाकीट फोडण्याआधी बघून घ्या. बसत नसेल तर सायकलच्या दुकानातून तसलं तोंड बदलून मिळतं. पण म्हणून रॉकेट उचलून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नका. तिथली हवा इतक्या झपाट्यानं भरते की काटा कुठं गेला ते कळायच्या आत बाटली फुटायला आलेली असते. हातपंप आणि ५० पीएसआय, फार तर ६०, एवढ्यावर थांबायचं.

बाटली फक्त गॅसच्या थंड पेयाची. तिचा तळ पाच पाकळ्यांचा असतो आणि प्लास्टिक आतला दाब झेलायलाच घडवलेलं असतं. पिण्याच्या पाण्याची पातळ, वळ्यावळ्यांची बाटली अजिबात नको. नवी बाटली वापरण्याआधी ती काठोकाठ पाण्यानं भरून एकदा पूर्ण दाब देऊन बघावा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं अशी बाटली फाटली तरी नुसती ओली करते. ओरखडा पडलेली, चेपलेली बाटली फेकून द्या, तिला दया दाखवू नका. हे प्लास्टिक साधारण ७० अंशांच्या पुढं मऊ पडू लागतं, तेव्हा मे महिन्यात टिनाच्या छपरावर किंवा बंद गाडीत राहिलेली बाटलीही बाद.

घरी लॉन्चर करायची हौस असेल तर रिकामी बाटली घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा आणि अर्धा इंची यूपीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे तिच्या तोंडात घालून बघा. कंपनीगणिक जाडी जराशी बदलते, म्हणून मापापेक्षा बाटलीवर विश्वास ठेवावा. अंगणात उन्हात पडून पांढरा झालेला जुना पाइप वापरायचा नाही, तो ठिसूळ झालेला असतो.

आता रॉकेट स्वतः. मुलं पंखांच्या रंगाकडं बघतात, पण उड्डाण ठरतं ते टोकाच्या वजनावर. रॉकेटचं वजन पुढं आणि पंखांनी हवेला धरण्याची जागा मागं, असं असेल तर ते सरळ जातं. उलट झालं तर वर जाताच कोलांट्या खातं. हे उडवण्याआधी तपासता येतं आणि मला या सगळ्या खेळातला हा भाग सर्वांत आवडतो. पाणी न भरलेलं रॉकेट बोटावर तोलून त्याचा मध्य शोधायचा. तिथं दोन-तीन मीटर दोरी बांधून वर चिकटपट्टी मारायची. मग मोकळ्या जागी उभं राहून, पाखरं हाकलायला गोफण फिरवतात तसं ते डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढं धरून ते फिरत राहिलं तर रॉकेट तयार. आडवं झालं किंवा शेपटी पुढं करून फिरायला लागलं तर टोकात थोडी चिकणमाती भरायची आणि पुन्हा फिरवायचं. दोन-तीन वेळा माती घातल्यावर एक क्षण येतो, टोक स्वतःहून वळतं आणि पुढची दिशा धरतं. मुलाच्या हाताला दोरीतून ते जाणवतं. दाबाचं केंद्र, गुरुत्वमध्य हे शब्द त्यानंतर सांगितले तरी चालतील. टोक मऊच असावं. जुना टेनिस बॉल अर्धा कापून बसवला तर उत्तम, कारण पहिली काही रॉकेटं पॅराशूटशिवाय डोक्यावरच खाली येणार.

कुठं उडवायचं? पिकाच्या वावरात नाही. कपाशीत पडलेलं रॉकेट शोधायला चार पोरं घुसली की बोंडं गळतात, आणि तो कुणाच्या तरी वर्षाचा पैसा असतो. फुटबॉलच्या मैदानाएवढी मोकळी जागा हवी, म्हणजे शंभर मीटरच्या आसपास लांबी. गावातल्या शाळेचं पटांगण हा बहुधा चांगला पर्याय. शाळेची परवानगी घ्या, मुख्याध्यापकांनाच बोलवा. विजेच्या तारा असतील तिथून दूर जा. तारेवर अडकलेलं रॉकेट काठीनं काढायचं नाही, ते तिथंच सोडून महावितरणला कळवायचं. आणि विहिरी. आपल्याकडं धुऱ्यालगत, पांदणीच्या कडेला अजूनही कठडा नसलेल्या विहिरी आहेत, काही तर बेशरमाच्या झुडपांत बुडालेल्या. रॉकेट खाली येताना मूल आभाळाकडं बघत धावतं, पायाखाली बघत नाही. उडवायच्या आधी सगळ्यांनी मिळून मैदानाचा एक फेरा मारायचा, विहीर, खड्डा, तारेचं कुंपण बघून ठेवायचं. आणि रॉकेट जमिनीला टेकल्याशिवाय कुणी पळायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घालायचा. झेलायचा प्रयत्न तर नाहीच.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, वेळ सकाळची. तेव्हा वारा पडलेला असतो. मार्चनंतर दुपारी वावटळी उठतात, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि मुलांनाच बाहेर काढू नये अशी स्थिती होते.

उंची मोजल्याशिवाय उडवण्यात अर्धी मजा जाते. कंपासपेटीतल्या कोनमापकाला मध्यावर दोरा बांधून खाली नट लटकवा, सरळ कडेला पेनची रिकामी नळी चिकटवा. लॉन्चरपासून ३० मीटर मोजून एकानं उभं राहायचं आणि रॉकेट माथ्यावर असताना त्याला नळीतून धरायचं. दोरा दाखवतो त्यावरून आडव्या रेषेपासूनचा कोन निघतो. तो ४५ अंश आला तर रॉकेट ३० मीटर अधिक बघणाऱ्याच्या डोळ्याएवढं उंच गेलं. बाकी कोनांसाठी मोठा भाऊ किंवा बहीण दहावीच्या पुस्तकातलं त्रिकोणमितीचं कोष्टक काढून देईल, आणि ते कोष्टक कशासाठी असतं हे त्यांनाही पहिल्यांदाच दिसेल.

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर पाण्याच्या रॉकेटची घाई नको. त्याच्यासाठी पायानं उडणारं कागदी रॉकेट. रिकामी बाटली आडवी ठेवायची, तिच्या तोंडाला लवचीक नळी, नळीच्या टोकाला उभा पाइप, त्यावर कागदाची बंद टोकाची गुंडाळी. बाटलीवर उडी मारली की गुंडाळी झाडाच्या शेंड्याला जाते. पाइप कुणाच्या तोंडाकडं रोखायचा नाही, एवढीच ताकीद. असल्या रॉकेटची तयार किट खेळण्यांच्या दुकानात मिळतात, आणि वहीची दोन पानं खर्चून घरी केलेलं रॉकेट त्यांच्याइतकंच उंच जातं.

आणि मूल पंधरा-सोळाचं होऊन खऱ्या इंधनाचा हट्ट धरू लागलं तर? तेव्हा त्याला वसंत गोवारीकरांबद्दल सांगा. थुंब्याला त्यांनी घनइंधनाचं काम उभारलं. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, त्या रॉकेटचे चारही टप्पे घनइंधनाचे होते, आणि तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक गोवारीकरच होते. त्यामागं रसायनशास्त्राचा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता, शेकडो माणसांची शिस्त होती आणि इंधनाची प्रत्येक खेप तपासणाऱ्या प्रयोगशाळा होत्या. अशा मुलाला परवाना आणि तज्ज्ञ देखरेख असलेल्या संस्थेतच, तिच्याच मैदानावर मोटर हाताळायला मिळावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले काही विद्यार्थी गट हे काम करतात. तिथं पोचेपर्यंत त्यानं पाण्याच्या रॉकेटला पॅराशूट बसवावं. माथ्यावर, नेमक्या वेळी, दर वेळी उघडणारं पॅराशूट बाटलीच्या टोकात बसवणं हे काम एखादा अख्खा हिवाळा खातं, आणि कार्लाइलनं आपल्या कागदी नळीत सोडवलेला प्रश्न तोच होता.